डायर स्ट्रेट्स या ब्रिटिश रॉक बँडचा 'ब्रदर्स इन आर्म्स' हा अल्बम फक्त सीडीमुळे एवढा खपला का?

तुमचं म्हणणं असं की १९८५ मध्ये सीडी नवी होती, महागडा प्लेअर घेतलेल्यांना त्यावर वाजवायला काहीतरी झकास हवं होतं आणि नेमका तेव्हाच हा अल्बम आला, म्हणून तो चालला. यातलं निम्मं मला मान्य आहे. पण मी स्वतः हा अल्बम पहिल्यांदा ऐकला तो कॅसेटवर, तीही कुणीतरी कॉपी करून दिलेली. शीर्षकगीताच्या सुरुवातीला दूरवर ढग गडगडल्यासारखा आवाज आहे, तो टेपच्या खरखरीत पार बुडाला होता. तरी बँडचा गायक-गिटारवादक मार्क नॉफ्लर याच्या गिटारचे पहिले सूर आले आणि मी हातातलं काम बाजूला ठेवलं. सीडी म्हणजे काय, हे तेव्हा मला माहीतही नव्हतं.

आता सीडीचं श्रेय. बँडची रेकॉर्ड कंपनी फिलिप्सच्या घरातली, आणि सीडी हे सोनी आणि फिलिप्स यांचंच अपत्य. त्यामुळे जाहिरातीचा जोर होताच. रेकॉर्डिंगही २४ ट्रॅकच्या, म्हणजे २४ आवाज वेगवेगळे टिपणाऱ्या, डिजिटल मशीनवर झालं होतं, तेव्हा हे सर्रास होत नव्हतं. सीडीवर १० लाख प्रती खपलेला पहिला अल्बम म्हणून याचं नाव घेतात. पण त्या वर्षी बहुतेक घरांत सीडी प्लेअर नव्हताच, लोक कॅसेट आणि एलपी, म्हणजे ग्रामोफोनच्या मोठ्या तबकड्याच, घेत होते. ब्रिटनमध्ये हा अल्बम एकूण १४ आठवडे पहिल्या क्रमांकावर होता, अमेरिकेत ९, आणि आजवर जगभरात ३ कोटींच्या वर प्रती गेल्या. एवढी मजल नुसत्या नव्या यंत्राच्या कौतुकावर मारता येत नाही.

खपाचं मोठं इंजिन होतं यातलं 'मनी फॉर नथिंग' हे गाणं. न्यूयॉर्कमधल्या घरगुती उपकरणांच्या दुकानात एक कामगार टीव्हीवरच्या गायकांबद्दल बडबडत होता. नॉफ्लरने तिथेच कागद मागून ती बडबड उतरवून घेतली आणि तिचं गाणं केलं. कॅरिबियनमधल्या मॉन्टसेरात बेटावर, बीटल्सचे निर्माते जॉर्ज मार्टिन यांच्या एअर स्टुडिओत रेकॉर्डिंग चालू असताना ब्रिटिश गायक स्टिंग तिथे सुट्टीवर होता, सुरुवातीचा तो उंच आवाज त्याचा. आणि गिटारचा तो घुसमटल्यासारखा, दातओठ खाणारा आवाज? मायक्रोफोन अजून नीट लावायचे होते, एक तर जमिनीकडे तोंड करून होता. सहनिर्माता नील डॉर्फ्समनने ऐकलं आणि कुणालाही काही हलवू दिलं नाही. मला हा किस्सा फार आवडतो. डिजिटल स्वच्छतेसाठी गाजलेल्या अल्बममधला सगळ्यात लक्षात राहणारा आवाज असा अपघाताने हाती लागलेला आहे. पुढे संगणकावर केलेल्या ॲनिमेशनचा व्हिडिओ आला, एमटीव्ही या संगीतवाहिनीने तो दिवसरात्र दाखवला, आणि १९८७ मध्ये युरोपातली एमटीव्ही सुरू झाली तीही याच गाण्याने.

सगळीच गाणी थोर आहेत असं मी म्हणणार नाही. 'वन वर्ल्ड' मला आजही भरतीचं वाटतं. 'वॉक ऑफ लाइफ' तर डॉर्फ्समनला अल्बममध्ये नकोच होतं, बँडने आग्रह धरला म्हणून राहिलं, आणि तेच तुफान चाललं.

पण माझ्यासाठी या अल्बमचा जीव शीर्षकगीतात आहे. १९८२ च्या, ब्रिटन आणि अर्जेंटिना यांच्यातल्या फॉकलंड युद्धाच्या काळात नॉफ्लरने ते लिहिलं. रणांगणावर मरणारा सैनिक बोलतोय, आणि नॉफ्लर ते जवळजवळ कुजबुजल्यासारखं गातो. कुठेही आवाज चढवत नाही. दोन ओळींमध्ये गिटार बोलते, मग थांबते, आणि ते थांबणंसुद्धा ऐकण्यासारखं आहे. बऱ्याच वर्षांनी मी हे सीडीवर ऐकलं तेव्हा त्या थांबण्यात खरखर नव्हती, नुसती शांतता होती. माझ्या मते सीडीने या अल्बमला दिलेली खरी गोष्ट ही.

आणखी एक दिली, ती म्हणजे जागा. एलपीच्या एका बाजूवर मावेना म्हणून पहिल्या बाजूची गाणी कापावी लागली होती. सीडीवर अल्बम ५५ मिनिटांचा आहे, एलपीवर साधारण ४७. सगळ्यात मोठी कात्री 'व्हाय वरी'ला लागली. सीडीवर ते साडेआठ मिनिटं चालतं, एलपीवर पाच मिनिटांच्या थोडं पुढे जाऊन संपतं. तुम्ही एलपीवरचं ऐकलं असेल तर एकदा पूर्ण लांबीचं लावा. गाणं म्हणून झालेलं असतं, शब्द संपलेले असतात, आणि वाद्यं कसलीही घाई न करता कितीतरी वेळ वाजत राहतात.