पणजोबा ‘मुकादम गुमास्ता’ होते, म्हणजे कोण होते?

प्रश्न : उमरेड तहसिलीतील आमच्या मूळ गावाच्या 1908 सालच्या कागदाची नक्कल मिळाली आहे. तीत पणजोबांच्या नावापुढे ‘मुकादम गुमास्ता’ आणि त्यांच्या धाकट्या भावाच्या नावापुढे ‘वासिलबाकीनवीस’ असे लिहिलेले आहे. पणजोबा मजुरांवर देखरेख करत असत, अशी घरात समजूत आहे. ती बरोबर आहे का?
— एक वाचक, महाल, नागपूर

उत्तर : ती समजूत सोडून द्यावी लागेल. मुकादम म्हटले की आज ऊसतोडीच्या टोळीचा किंवा बांधकामावरचा मुकादम डोळ्यांसमोर येतो. परंतु 1908 साली नागपूर जिल्हा मध्य प्रांतात होता आणि त्या प्रांताच्या 1881 च्या जमीन महसूल कायद्यानुसार मुकादम हे गावकारभाराचे पद होते. गुन्ह्याची खबर पोलिसांपर्यंत पोहोचवणे, कोतवालावर, म्हणजे गावच्या राखणदारावर, लक्ष ठेवणे, गावाच्या स्वच्छतेकडे पाहणे ही त्याची कामे. मालगुजारी गावात, म्हणजे सरकारला सारा भरणाऱ्या मालगुजारांची मालकी असलेल्या गावात, मालकीचे बहुधा अनेक हिस्सेदार असत. त्यांच्या वतीने सरकारी सारा भरण्याची जबाबदारी ज्याच्यावर असे तो लंबरदार, आणि मुकादमीही बहुधा त्याच्याकडेच जाई. मात्र तो स्वतः गावात राहत नसेल, तर मुकादमीची कामे पाहण्यासाठी गावात राहणारा एक माणूस नेमला जाई. तोच मुकादम गुमास्ता.

याचा अर्थ तुमच्या पणजोबांकडे गावात अधिकार होता, पण तो दुसऱ्याच्या वतीने होता. तुमच्या शोधात मला हीच गोष्ट सर्वांत मोलाची वाटते, कारण तिच्यामागे बाहेरगावी राहणारा एक मालगुजार उभा आहे. त्याचे नाव त्याच गावाच्या बंदोबस्त मिसलीत, म्हणजे जमिनीचा सारा ठरवताना तयार झालेल्या कागदपत्रांत, शोधा. ते सापडले की पणजोबा त्याचे नातलग होते, कूळ होते की विश्वासातले कारकून, हे पुढच्या कागदांतून पडताळता येईल. त्यांना मालगुजार मानून वंशावळीत तशी नोंद मात्र करू नका.

धाकट्या भावाचे पद सरळ आहे. वासिल म्हणजे वसूल झालेली रक्कम आणि बाकी म्हणजे राहिलेली. या दोहोंचा गाववार हिशेब तहसील कचेरीत ठेवणारा पगारी कारकून म्हणजे वासिलबाकीनवीस. एक भाऊ गावात मालकाचे काम पाहत होता आणि दुसरा सरकारी चाकरीत लेखणी चालवत होता, असे चित्र यातून दिसते.

पदनाव वाचताना प्रांत आणि काळ आधी पाहावा. शेजारच्या वऱ्हाडात बहुतांश रयतवारी, म्हणजे शेतकऱ्याने थेट सरकारला सारा भरण्याची पद्धत, असल्याने तेथील गावकागदांत पाटील आणि पटवारी भेटतात, आणि भोसलेकालीन कागदांत परगण्याचा वसूल पाहणारा कमाविसदार भेटतो. मालगुजारी 1951 साली संपली, त्यामुळे नंतरच्या कागदांत ‘माजी मालगुजार’ अशी नोंद आढळली तर ती हुद्द्याची नसून जुन्या मालकीची समजावी.

नकलेसाठी पुन्हा अर्ज कराल तेव्हा मौजाचे जुने नाव, बंदोबस्त क्रमांक आणि पटवारी हलका (एका पटवाऱ्याकडील गावांचा गट) क्रमांक अवश्य लिहा, आणि त्याच गावाची कोतवाल बुकाची नक्कलही मागा. जन्ममृत्यूच्या त्या नोंदींत वडिलांचे नाव आणि जात लिहिलेली असते, त्यामुळे एकाच नावाच्या दोन माणसांची गल्लत टाळता येते.