माउसने ओढून की हाताने लिहून?

प्रश्न: चाटी गल्लीत आमचं चादरींचं दुकान आहे. वर्डप्रेस या वेबसाइट बनवायच्या सॉफ्टवेअरवर साइट करायची आहे. भाचा म्हणतो, माउसने ओढून पान मांडायचं साधन, म्हणजे पेज बिल्डर घे, कोड शिकत बसू नकोस. काय करू?
– एक वाचक, सोलापूर

उत्तर: ताई, दिवाळीआधी साइट हवी असेल तर भाच्याचं ऐका. पण मला हाताने लिहिलेली थीमच (साइटचं रूप आणि मांडणी ठरवणाऱ्या फाइली) आवडते. अक्कलकोट रोडवरच्या एका कारखानदाराची साइट मी बिल्डरमध्ये बांधली होती. मोबाइलवर उघडता उघडेना. आत पाहिलं तर एकेका फोटोभोवती सहा-सहा डिव, म्हणजे कोडमधले रिकामे डबे! बिल्डर बंद केला तर मांडणीच गेली. शेवटी थीम स्वतः लिहिली. वर्डप्रेसच्या क्लासिक थीमला मुळात दोनच फाइली पुरतात: स्टाइल.सीएसएस आणि इंडेक्स.पीएचपी.

माझे वडील जेकार्डवर, म्हणजे भोकं पाडलेल्या कार्डांवरून नक्षी विणणाऱ्या मागावर होते. नक्षीतला मोर बिघडला की नेमकं कुठलं पंचकार्ड चुकलंय, हे त्यांना कळायचं, कारण कार्डं त्यांनीच पाडलेली असायची. कोडचंही तसंच आहे.

फोटो मात्र हलके करूनच चढवा, 4 एमबीच्या फोटोपुढे कुठलंच कोड टिकत नाही. आणि रोज अर्धा तास एचटीएमएल-सीएसएसला, म्हणजे पानाचा ढाचा आणि रूप लिहायच्या भाषांना द्या. चार रकान्यांत चादरी मांडायला सीएसएस ग्रिडच्या (सीएसएसमधल्या रकाने पाडायच्या सोयीच्या) दोन-तीन ओळी लागतात, तिथूनच सुरुवात करा.