वृत्तात कविता लिहायला बसण्याआधी

इंग्रजी कवितेतला आघात इकडे आणू नकोस. तिथे जोर मोजतात, आपल्या अक्षरगणवृत्तांत, म्हणजे लघु-गुरूंचा क्रम ठरलेल्या वृत्तांत, काळ मोजतात: आखूड उच्चाराचं अक्षर लघू (ल), त्याची एक मात्रा; लांब उच्चाराचं गुरू (गा), त्याच्या दोन. सुरुवात भुजंगप्रयात या वृत्तापासून कर. ओळीत चार वेळा ‘ल गा गा’, एकूण बारा अक्षरं. तीन-तीन अक्षरांचे गण पाठ करत बसू नकोस, आधी टाळी दे. आपल्या इंदूरच्या सराफा बाजाराचीच ओळ घे:

सराफ्यात रात्री किती दाट गर्दी

सराफ्या । तरात्री । कितीदा । टगर्दी. ‘गर्दी’तला ‘ग’ दिसायला ऱ्हस्व, पण पुढच्या जोडाक्षरामुळे तो दाबला जातो, म्हणून गुरू.

सगळे अडखळतात ते इथेच. जोडाक्षर आलं की मागचं अक्षर गुरू, असं धरून चालू नकोस. ‘पुण्य’ आणि ‘पुन्हा’ मोठ्याने म्हण. पहिल्यात ‘पु’ दाबला जातो, तो गुरू. दुसऱ्यात सुटाच राहतो, तो लघू. ‘तुझ्या’तला ‘तु’ही लघूच. कागद हे सांगणार नाही, कानच सांगेल.

आपल्या इथल्या मुलांना आणखी एक सांगायला हवं, कारण शाळेत हिंदी असते. हिंदीत ‘कवि’ म्हणजे ल ल, मराठीत ‘कवी’ म्हणजे ल गा. हा फरक हातात मुरू दे. अडलंच तर वृत्तासाठी ऱ्हस्व-दीर्घ बदलायची मुभा कवीला आहे. पण प्रत्येक ओळीत ती घेतलीस तर वाचणाऱ्याला खडे लागतात. त्यापेक्षा शब्दच बदल.

पुढच्या बैठकीला चारच ओळी आण, पण टाळीवर म्हणून पाहिलेल्या.