डोळे शेवटपर्यंत चांगले राहावेत म्हणून काय काळजी घ्यावी? निळा प्रकाश अडवणारा चष्मा घेऊ का?

चष्म्याचं आधी उरकतो. घेऊ नका. स्क्रीनसमोर बसून डोळे चुरचुरतात ते निळ्या प्रकाशामुळे नाही, पापणी लवायची राहते म्हणून. एरवी मिनिटाला पंधराएक वेळा लवणारी पापणी टक लावून बघताना निम्म्यावर येते आणि बुबुळावरचा अश्रूंचा थर सुकतो. २०२३ साली कॉक्रेन या वैद्यकीय संशोधन पडताळणाऱ्या संस्थेने १७ चाचण्या एकत्र करून तपासल्या, त्यात या चष्म्यांनी डोळ्यांचा ताण कमी होतो असं काही दिसलं नाही. अधूनमधून नजर उचलून लांब कुठेतरी बघा, मुद्दाम पापण्या मिटा. झालं.

एवढ्यासाठी मी लिहायला बसलो नसतो. पण तुम्ही खाली तपशिलात लिहिलंय, "सध्या काहीच त्रास नाही, त्रास झाला की डॉक्टरकडे जाईनच." हे वाक्य मी आमच्या मामांच्या तोंडून इतक्यांदा ऐकलंय की वाचूनच डोकं फिरलं.

आमचं फॅब्रिकेशनचं काम. दादा आणि मी दोघं बघतो. त्या दिवशी एक गंजलेला बोल्ट जाम बसला होता आणि दादा छिन्नी लावून तो उडवत होता. छिन्नीचं डोकं ठोकून ठोकून छत्रीसारखं पसरलेलं. अशा डोक्याची कड कधीही फुटते, ती वेळच्या वेळी ग्राइंडरवर घासून टाकायची असते, हे या कामातल्या कोणालाही सांगावं लागत नाही. आणि तरी कोणी घासत नाही. गॉगल होता, पण त्यावर वाफ धरते म्हणून दादाने तो कपाळावर चढवलेला. यावरून आमची रोजची वादावादी.

टच्च असा बारीक आवाज आला. दादाने डोळा मिटला, रुमालाने पाणी टिपलं, "गेलं निघून" म्हणाला आणि पुन्हा हातोडा उचलला. दुखत होतं का? नाही. दिसत होतं का? थोडं धुरकट, पण दिसत होतं. मामा तिथेच खुर्ची टाकून बसले होते. ते म्हणाले, "कचरा असेल, रात्री झोपला की सकाळी आपोआप कडेला येईल."

मी दादाला उजेडात नेऊन वरची पापणी बोटाने अलगद उचलली. बुबुळाच्या कडेपाशी एक बारीकशी रेघ होती, कोणी नखाने ओढावी तेवढी. ती मी सोडूनही दिली असती. पण मधली बाहुली गोल राहिली नव्हती. त्या रेघेच्या बाजूला ओढली जाऊन तिला टोक आलं होतं. मी हातोडा हिसकावून घेतला आणि त्याला गाडीत घातलं. मामा मागून ओरडत होते की काम अर्धवट टाकून कुठे निघालात.

इमर्जन्सीतल्या डॉक्टरीणबाईंनी पहिला प्रश्न विचारला, "लोखंडावर लोखंड ठोकत होतात का?" दुसरा, "शेवटचं कधी जेवलात?" म्हणजे त्यांना ऑपरेशन तिथेच दिसलं होतं. डोळ्याला त्यांनी कापसाची पट्टी बांधली नाही. वर प्लास्टिकची कडक वाटी ठेवून तिच्या कडा कपाळावर आणि गालावर चिकटवल्या, म्हणजे डोळ्यावर काडीचाही दाब येणार नाही. एमआरआय नको, सीटी करा, असं बजावून सांगितलं. एमआरआयचं चुंबक आतला लोखंडाचा कण हलवू शकतं आणि तो जिथून सरकेल तिथलं फाडत जातो. सीटीत डोळ्याच्या मागच्या भागात, पडद्याच्या (रेटिनाच्या) जरा पुढे, पांढरा ठिपका दिसला. बुबुळ भेदून, भिंगाची कड खरवडून तो आतल्या जेलीत जाऊन बसला होता. इतका बारीक की चिमटीत धरता आला नसता.

त्याच रात्री ऑपरेशन झालं. पांढऱ्या भागाला मिलिमीटरहून लहान छिद्रं पाडून जेली काढली, कण उचलला. पुढे खरवडलेलं भिंग पांढरं होत गेलं, मोतीबिंदू झाला, तोही काढून कृत्रिम भिंग बसवलं. आज दादा त्या डोळ्याने वाचतो. रात्री समोरच्या गाड्यांचे दिवे फाकतात, तेवढी तक्रार आहे.

आता मामांची आवृत्ती ऐका. घरात चार माणसं जमली की सुरू होतात: "डोळा चांगला होता, दुखत नव्हता. या धाकट्याने घाई केली, डोळ्याला शस्त्र लावलं, त्यातून मोतीबिंदू झाला." वहिनीही बरेच दिवस त्यांच्या बाजूने होती. मी कारणं समजावून थकलो, म्हणून आता इथे लिहून ठेवतो. मोतीबिंदू त्या कणाने भिंग खरवडल्यामुळे झाला. आणि मोतीबिंदू काढता येतो. लोखंड आत राहिलं असतं तर ते हळूहळू गंजून पडद्याला विषासारखं बाधलं असतं, आणि मेलेला पडदा कुठलाही सर्जन परत आणू शकत नाही. हे झालं उशिराचं. त्याआधीच कणासोबत गेलेल्या जंतूंनी एक-दोन दिवसांत डोळ्याची वाट लावायची भीती होती.

"दुखत नव्हता" हाच तर सगळा घोळ आहे. किती दुखतं यावरून धोका किती ते कळत नाही. बुबुळात मज्जातंतू इतके दाट असतात की नुसतं नख लागलं तरी माणूस लोळतो, आणि असा ओरखडा बहुतेक वेळा दोन-तीन दिवसांत भरून येतो. वेल्डिंगची आर्क नुसत्या डोळ्यांनी बघितली तर मध्यरात्री डोळे उघडवत नाहीत, तरी तेही बरं होतं. पडद्याला मात्र वेदनाच कळत नाही. तो सुटला, त्यात रक्त उतरलं, तरी दुखणार नाही. अचानक ठिणग्या चमकायला लागणं, काळे ठिपके वाढणं, कडेने पडदा ओढल्यासारखी सावली येणं, एवढंच दिसेल. त्या दिवशीच दवाखाना गाठायचा.

नेहमीचा काचबिंदू तर त्याहून लबाड. तो कडेची नजर आधी खातो, आणि मेंदू ती भोकं आपल्या मनाने भरून टाकतो. माणसाला कळतं तेव्हा डोळ्यातून मेंदूकडे जाणारी बरीच नस गेलेली असते. चाळिशीनंतर काही होत नसतानाही डोळ्याचा दाब आणि नस तपासायची ती याचसाठी. आई-वडील, भावंडांपैकी कोणाला काचबिंदू असेल तर नक्कीच.

आणि मधुमेह असेल तर दरवर्षी थेंब घालून, बाहुली मोठी करून पडदा तपासून घ्यायचा. मामांना मधुमेह आहे. तपासणीला चला म्हटलं की म्हणतात, "मला स्वच्छ दिसतंय." दादालाही त्या दिवशी दिसतच होतं.

हत्यार हातात घेणार असाल, घरी खिळा ठोकायचा असला तरी, नंबरच्या चष्म्याच्या भरवशावर राहू नका. त्याला बाजूने आडोसा नसतो आणि काच फुटून आत जाते ती वेगळीच. पॉलिकार्बोनेटचा, कडेने बंद गॉगल घ्या. दांडीवर झेड८७ प्लस (Z87+) किंवा ईएन १६६ (EN 166) अशी सुरक्षा मानकाची खूण उमटवलेली बघा. वाफ न धरणारे गॉगल मिळतात. बॅटरी धरून शेजारी उभ्या असलेल्यालाही एक द्या.

मी डॉक्टर नाही, आणि वरचं सगळंच सरसकट घेऊ नका. काचबिंदूचा एक प्रकार भयंकर दुखतो: डोळा लाल, डोकं ठणकणं, उलट्या, दिव्यांभोवती वलयं. त्यात रात्र काढायची नाही. वेगाने काही घुसलं असेल तर डोळा चोळू नका, दाबू नका, धुऊही नका. पण चुना, सिमेंट, ॲसिड, सफाईचं औषध असलं काही उडालं तर नेमकं उलट: जागच्या जागी नळाखाली, पापण्या ताणून उघड्या धरून, निदान वीस मिनिटं धुवा. चुन्यासारखे अल्कली पदार्थ ॲसिडपेक्षा खोल उतरतात. दवाखाना शोधत बसू नका, आधी पाणी, मग दवाखाना.