‘लक्षवेधी’ लागते, की लावतात?

सातवीला मराठी शिकवणाऱ्या एका बाईंनी विचारलं आहे: “वर्गात रोज एक बातमी वाचून घेते. परवाचा मथळा होता, ‘पुलासाठी आमदारांनी लावली लक्षवेधी’. एका मुलीने विचारलं, लक्षवेधी काय? लक्षवेधी चित्र असतं, लक्षवेधी रांगोळी असते, मग इथे पुढचा शब्द कुठे गेला? मला नीट उत्तर देता आलं नाही. हा शब्द नाम आहे का? त्याचं अनेकवचन काय? आणि ‘लक्ष्यवेधी’ असं लिहायला नको का?”

बाई, त्या मुलीचं व्याकरण पक्कं आहे. पुढचा शब्द खरंच गेलेला आहे, आणि तो शब्द ‘सूचना’. विधिमंडळाच्या कामकाजातलं पूर्ण नाव ‘लक्षवेधी सूचना’. तातडीच्या आणि सार्वजनिक महत्त्वाच्या एखाद्या बाबीकडे आमदार संबंधित मंत्र्यांचं लक्ष वेधतो आणि मंत्र्यांना त्यावर सभागृहात निवेदन करावं लागतं. विधानसभेच्या नियमांत हे नियम १०५ खाली येतं. विधानसभेचे २८८ आणि विधान परिषदेचे ७८, दोन्हीकडच्या सदस्यांना आपण आमदारच म्हणतो आणि दोन्हीकडे लक्षवेधी असते. हे आयुध भारतीय संसदीय व्यवहारात तयार झालं आणि लोकसभेत १९५४ पासून वापरात आलं. हिंदीत त्याला ‘ध्यानाकर्षण’ म्हणतात. तिथे ध्यान ओढून घेतलं जातं, आपल्याकडे लक्ष वेधलं जातं. मला आपलं क्रियापद जास्त आवडतं, कारण ‘वेध’ हा शब्द फार मोठ्या घरातला आहे.

संस्कृतात ‘व्यध्’ म्हणजे भोसकणं, आरपार जाणं. त्यातून वेध. कान टोचण्याच्या संस्काराचं नाव कर्णवेध. आवाजाच्या रोखाने जाणारा बाण शब्दवेधी, ज्याने श्रावणबाळ गेला. आकाशातल्या ग्रहताऱ्यांवर नजर रोखायची जागा ती वेधशाळा. आणि मराठीत ‘विंधणे’ हे क्रियापदही याच धातूचं. आता गंमत बघा, दुष्काळी तालुक्यातल्या आमदाराकडे गावकरी जी मागणी घेऊन जातात ती विंधन विहिरीची, आणि ती विहीर मिळेना म्हणून आमदार सभागृहात जी सूचना देतो ती लक्षवेधी. एक जमिनीला भोक पाडते, दुसरी सरकारच्या दुर्लक्षाला. दोन्ही शब्द एकाच धातूचे.

‘लक्ष’ की ‘लक्ष्य’ हा प्रश्न मात्र जरा सावकाश बघायला हवा. आजच्या मराठीत लक्ष म्हणजे अवधान आणि लक्ष्य म्हणजे निशाणा. इथे मंत्र्यांचं अवधान वेधायचं आहे, मंत्र्यांना निशाणा करायचं नाही. म्हणून ‘लक्षवेधी’ हेच बरोबर. अर्जुनाने केला तो लक्ष्यवेध, तिथे ‘य’ हवाच. पण संस्कृतात ‘लक्ष’ या शब्दालाही निशाणा असा अर्थ होता, त्यामुळे ही सीमारेषा पूर्वीपासून थोडी पुसट आहे. सरकारी कागदांत ‘घरकुलांचा लक्षांक’ असतो. तो अवधानाचा आकडा नव्हे, गाठायचा आकडा आहे. आजच्या भेदानुसार तिथे ‘लक्ष्यांक’ हवा होता. मी त्याला चूक म्हणणार नाही, पण मुलांनी विचारलं तर हे नक्की सांगावं.

विशेषणाचं नाम होणं मराठीला नवं नाही. चारचाकी गाडी, मग नुसती चारचाकी. मासिक पुस्तक, मग नुसतं मासिक. गेलेला शब्द आपलं लिंग मागे ठेवून जातो: गाडी स्त्रीलिंगी म्हणून चारचाकी ‘ती’, पुस्तक नपुंसकलिंगी म्हणून मासिक ‘ते’. सूचना स्त्रीलिंगी, म्हणून ‘ती लक्षवेधी’. विधिमंडळात याच रीतीने तारांकित प्रश्नाचा, म्हणजे मंत्र्यांनी सभागृहात तोंडी उत्तर द्यायच्या प्रश्नाचा, ‘तारांकित’ होतो आणि तो पुल्लिंगी राहतो: ‘माझा तारांकित चर्चेला आलाच नाही.’

अनेकवचनात खरी परीक्षा आहे. गाडी-गाड्या, मागणी-मागण्या या चालीवर ‘लक्षवेध्या’ व्हायला हवं. पण ‘आज चार लक्षवेध्या झाल्या’ असं माझ्या कानाला खटकतं, आणि विधिमंडळात वावरणारी माणसंही ‘चार लक्षवेधी झाल्या’ असंच म्हणतात. कारण शब्दाचं विशेषणपण अजून पुरतं गेलेलं नाही. ‘शाकाहारी माणूस, शाकाहारी माणसं’, तिथे विशेषण हलत नाही, तसं. ‘दुचाकी’ सध्या उंबऱ्यावर उभी आहे: बातमीत ‘दहा दुचाकी जळाल्या’ असतं, तर बोलताना कोणी ‘दुचाक्या’ म्हणून जातो. ‘चारोळी’ने मात्र उंबरा कधीच ओलांडला, ‘चारोळ्या’ सगळे बिनदिक्कत म्हणतात. लक्षवेधी अजून अलीकडेच आहे. म्हणून लिहिताना ‘लक्षवेधी सूचना’ असं पूर्ण लिहिलं की प्रश्न मिटतो. गोव्यात, पर्वरीच्या ४० सदस्यांच्या विधानसभेच्या बातम्या देतानाही मराठी वृत्तपत्रं ‘लक्षवेधी सूचना’ लिहितात. विभक्ती लावताना अडचण नाही: लक्षवेधीवर, लक्षवेधींना.

आता त्या मथळ्यातलं क्रियापद, जे तुम्ही विचारलं नाही पण मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. ‘लावली’.

एका डिसेंबरात मी नागपूरला होतो. हिवाळी अधिवेशन चालू होतं. चहाच्या टपरीवर हातात प्लॅस्टिकची पिशवी, पिशवीत अर्जांच्या प्रती घेतलेले एक वयस्कर गृहस्थ फोनवर आपल्या आमदारांच्या सहायकाला विचारत होते, “साहेब, आमची लक्षवेधी लागली का?” त्यांच्या तोंडचा शब्द शंभर टक्के अचूक होता. निकाल लागतो, नंबर लागतो, कोर्टात तारीख लागते, तशी लक्षवेधी लागते. ‘लागणे’मध्ये करणारा दिसत नाही, आणि इथे तो न दिसणंच खरं आहे. आमदार सूचना देतो. ती स्वीकारायची की नाही हे अध्यक्ष ठरवतात, परिषदेत सभापती ठरवतात. स्वीकारली गेली आणि दिवसाच्या कामकाजाच्या क्रमात छापली गेली, की ती ‘लागली’. मग सभागृहात आमदार ती ‘मांडतो’, मंत्री निवेदन करतात, उपप्रश्न होतात. कधी मंत्री हजर नसतात किंवा माहिती अपुरी असते, तेव्हा ती ‘राखून ठेवली’ जाते. देणे, लागणे, मांडणे, राखून ठेवणे: चार क्रियापदांत एका गावाची सगळी धाकधूक आहे. ‘लावली’ या एका शब्दात यातलं पहिलं आणि दुसरं एकत्र गुंडाळलं जातं आणि अध्यक्षांचा निर्णय आमदाराच्या नावावर जमा होतो. बोलताना चालेल. बातमीत ‘दिली’ किंवा ‘मांडली’ लिहावं, कारण दिलेली प्रत्येक सूचना लागत नाही, आणि ज्यांची लागली नाही त्या गावाला हा फरक चांगला कळतो.

सूचनेची भाषाही मुलांना दाखवण्याजोगी आहे. नमुना म्हणून मी एक रचतो:

‘तालुक्यातील नदीवरील पूल गतवर्षीच्या अतिवृष्टीत वाहून जाणे, पर्यायी रस्ता नसल्याने विद्यार्थ्यांना होडीतून शाळेत जावे लागणे, रुग्णांना दवाखान्यात नेताना होणारा विलंब, वारंवार मागणी करूनही संबंधित विभागाने केलेले दुर्लक्ष, त्यामुळे नागरिकांमध्ये पसरलेला तीव्र असंतोष, याबाबत शासनाने तातडीने करावयाची कार्यवाही व शासनाची प्रतिक्रिया.’

शोधून बघा, यात मुख्य क्रियापद नाही. घटना ‘जाणे, लागणे’ अशा धातुसाधित नामांत आहेत, बाकीचं ‘होणारा, केलेले, पसरलेला’ अशा विशेषणांत. मला पूर्वी ही निव्वळ सरकारी रुक्षता वाटायची. मग कामकाजाचा क्रम हातात पडला आणि उलगडा झाला. तिथे वरती साधारण असं छापलेलं असतं: अमुक सदस्य ‘तातडीच्या व सार्वजनिक महत्त्वाच्या पुढील बाबीकडे मंत्र्यांचे लक्ष वेधतील’. म्हणजे वाक्याचं क्रियापद तिथे, ‘वेधतील’. खालचा सगळा परिच्छेद त्या ‘बाबीकडे’चा विस्तार आहे. पूल, होडी, दवाखाना, असंतोष, सगळे मिळून एक ‘बाब’. आणि त्या बाबीत ‘मी’ कुठेच नाही. आमदाराचं नाव वरच्या ओळीत, खाली फक्त गाव.

प्रश्नांची घडण वेगळी. तारांकित प्रश्नात ‘हे खरे आहे काय, असल्यास…’ अशी पायरीपायरीने चौकशी असते आणि उत्तरात ‘हे खरे आहे’, ‘अंशतः खरे आहे’, ‘प्रश्न उद्भवत नाही’ असे ठरलेले तुकडे येतात. ‘अंशतः खरे’ हा तर स्वतंत्र चर्चेचा विषय आहे. औचित्याचा मुद्दा आणखी निराळा: सदस्य थोडक्यात स्थानिक प्रश्न वाचतो, मंत्र्यांनी तिथल्या तिथे उत्तर द्यायचं बंधन नसतं. लक्षवेधीत मात्र मंत्र्याला उभं राहून बोलावं लागतं. म्हणून लोकांना लक्षवेधी हवी असते.

एक घोटाळा टाळायला हवा. ‘आमदारांचं लक्षवेधी भाषण’ म्हणजे नजरेत भरणारं भाषण. ‘लक्षवेधीवरचं आमदारांचं भाषण’ म्हणजे पुलावरचं. कर्मचारी संघटनांचं ‘लक्षवेधी आंदोलन’ हे तिसरंच, तिथे शब्द पुन्हा साधं विशेषण झालेला असतो. त्या मुलीला चित्र आणि रांगोळी आठवली ती याच कारणाने, आणि तिची काहीच चूक नव्हती.

मथळा मी असा केला असता: ‘पुलाच्या प्रश्नावर आमदारांची लक्षवेधी सूचना’.

वर्गासाठी एक सुचवतो. मुलांना आपल्या शाळेच्या रस्त्यावर, नळावर किंवा बंद पडलेल्या वाचनालयावर एकेक लक्षवेधी लिहायला सांगा: एकच वाक्य, मुख्य क्रियापद न वापरता, ‘मी’ न आणता, शेवटी ‘करावयाची कार्यवाही व शासनाची प्रतिक्रिया’. धातुसाधितं एका तासात पक्की होतील. ती पानं मला पाठवलीत तर मी सगळी वाचेन.