लिनक्सवाले मदत करायची सोडून ‘हे सपोर्टेड नाही’ असं का म्हणतात?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: देवगडला झेरॉक्सचं दुकान, जुन्या लॅपटॉपवर डेबियन १२ (लिनक्सचा एक प्रकार), अपडेटनंतर वायफाय गायब. इलाज म्हणून उबुंटू या दुसऱ्या लिनक्सचा पीपीए, म्हणजे बाहेरचा पॅकेजसाठा, जोडलात, तरी जमेना. मदत मागितली तर ‘सपोर्टेड नाही’ एवढंच उत्तर आलं, आणि मग खडाजंगी.

‘सपोर्टेड नाही’ म्हणजे ‘चालते व्हा’ नव्हे. डेबियन सांभाळणारे बहुतेक स्वयंसेवक. १२ मधली पॅकेजेस त्यांनी एकमेकांशी जुळवून तपासलेली असतात. उबुंटूची वेगळ्या लायब्ररींवर बांधलेली. दोन्ही मिसळली की तुमचा बिघाड त्यांना आपल्या मशीनवर घडवून बघताच येत नाही. वर देवगड हापूस नि खाली कर्नाटकी भरलेल्या पेटीची तक्रार बागायतदाराने का ऐकावी? अर्थात दोन शब्दांत वाटेला लावणं हाही तुसडेपणाच. तुमचा राग अगदीच अनाठायी नव्हता.

आता वायफाय. मशीन सुरू होताना ग्रब या सुरुवातीच्या मेनूत ‘अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्शन्स’मधून आधीचा कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, निवडा. त्यावर वायफाय आलं तर चिप शाबूत आहे. मग टर्मिनलमध्ये ‘एलएसपीसीआय -एनएनके’ ही आज्ञा चालवा. नेटवर्कच्या ओळीत १४ई४ दिसलं तर चिप ब्रॉडकॉमची, आणि संशय थेट डीकेएमएसवर. डीकेएमएस या यंत्रणेतून ब्रॉडकॉमचा ड्रायव्हर प्रत्येक नव्या कर्नलसाठी तुमच्याच मशीनवर नव्याने बांधला जातो, आणि त्या कर्नलचे हेडर्स (बांधणीला लागणाऱ्या फाइली) नसले तर बांधलाच जात नाही. ‘डीकेएमएस स्टेटस’ या आज्ञेच्या उत्तरात नव्या कर्नलपुढे ‘इन्स्टॉल्ड’ नसेल तर हेच झालंय.

आधी पीपीएची नोंद असलेली फाईल काढून टाका. नुसती फाईल काढून पॅकेजेस मागे जात नाहीत. तिथून आलेल्या प्रत्येकाची डेबियनची आवृत्ती मुद्दाम बसवावी लागते. मग फोन यूएसबीने जोडून टेदरिंग करा आणि ‘लिनक्स-हेडर्स-एएमडी६४’ टाका. नुसते आजच्या कर्नलचे हेडर्स टाकलेत तर पुढच्या अपडेटला पुन्हा हेच रडगाणं. ‘ब्रॉडकॉम-एसटीए-डीकेएमएस’ हा ड्रायव्हर ‘नॉन-फ्री’ विभागात असतो. १२ चा इन्स्टॉलर आपणहून फक्त ‘नॉन-फ्री-फर्मवेअर’ चालू करतो, इथे बरेच जण फसतात.

तरीही अडलं तर पुन्हा विचारा, पण वरच्या दोन्ही आज्ञांचं उत्तर मजकूर म्हणून चिकटवा. स्क्रीनचा मोबाईलवर काढलेला फोटो कुणी वाचत बसत नाही. पीपीए जोडला होता हे पहिल्याच ओळीत सांगा. तिसऱ्या उत्तरात ते बाहेर आलं की समोरच्याला फसवल्यासारखं वाटतं. आणि आपलं ‘आय हॅव अ डाउट’ तिकडे शंका विचारल्यासारखं नाही, संशय घेतल्यासारखं वाचलं जातं. ‘अर्जंट’ही नको, ते हुकुमासारखं लागतं. हंगामात पेट्यांच्या पावत्या अडल्यात हे खरं, पण उत्तर देणारा समजा जर्मनीत असेल, तर एप्रिल-मेमध्ये आपल्याकडे रात्रीचे नऊ म्हणजे तिकडे संध्याकाळचे साडेपाच. तो माणूस अजून नोकरीवरून घरीही पोचलेला नसतो. तासाभराने ‘एनी अपडेट?’ टाकू नका, सकाळी दुकान उघडताना बघा.