‘राजस’ म्हणजे राजासारखा की रजोगुणी?

सोलापूरच्या एका ताईंनी विचारलंय. भावाला मुलगा झाला. चित्रा नक्षत्राचा तिसरा चरण, म्हणजे ‘रा’ अक्षर. घरच्यांना भारदस्त, राजेशाही नाव हवंय आणि आत्या म्हणून निवड ताईंवर सोपवलीय. त्यांनी ‘राजस’ काढलं, तर रोज गीता वाचणाऱ्या काकांनी हरकत घेतली: ‘राजस म्हणजे रजोगुणी. सात्त्विक सोडून हे कशाला?’ बारसं तोंडावर आलंय.

ताई, काका चुकीचं सांगत नाहीत. संस्कृतात हा शब्द ‘राजन्’पासून आलेला नाही, ‘रजस्’पासून आलाय. गीतेच्या सतराव्या अध्यायात कडू, आंबट, खारट, फार ऊन, तिखट, कोरडं, जळजळणारं अन्न राजस माणसाला आवडतं असं सांगितलंय. शेंगाचटणी आणि कडक भाकरीवर वाढलेले आपण सगळे त्यात येतो. राजाचा तिथे संबंध नाही.

पण मराठीत हा शब्द फार पूर्वीच वेगळ्या वाटेनं गेलाय. तुकोबांचा अभंग आठवा: ‘राजस सुकुमार मदनाचा पुतळा, रविशशिकळा लोपलिया’. हे रूप आपल्याच जिल्ह्यातल्या, पंढरीच्या विठोबाचं. पुढे लगेच कस्तुरीचा मळवट येतो, चंदनाची उटी येते, गळ्यात रुळणारी वैजयंती येते. इथे रजोगुणाचा अर्थ लावायचा म्हटलं तर ओळच उभी राहत नाही. थाट आहे, पण दरारा नाही. म्हणून तर शेजारी ‘सुकुमार’ बसू शकला. मराठी कानाला ‘राजस’ हा ‘तामस’चा भाऊ वाटत नाही, तो ‘लोभस’ आणि ‘गोंडस’च्या पंगतीला बसतो. जात्यावरच्या ओव्यांतही बायका लेकराला, भावाला राजस म्हणतात. लावणीतला ‘राजसा’ तर सगळ्यांच्या ओळखीचा.

माझी आजी साखर पेठेतल्या घरात ओट्यावर शेंगा सोलत बसायची. शेजारची सून बाळाला दाखवायला घेऊन आली, की हात पदराला पुसायची, कुंची जरा मागे सारायची, गालावरची तीट नीट आहे ना बघायची आणि म्हणायची, ‘किती राजस दिसतंय गं लेकरू!’ आजीला शाळा माहीत नव्हती. तिच्या त्या एका शब्दात रूपही होतं आणि ऐटही. असा शब्द नावाला मिळतोय, तर मी तो सोडू देणार नाही.

काकांना आवडेल अशी एक गोष्ट सांगते. व्याकरणानं ‘राजन्’ची फोड ‘राज्’ धातूपासून होते. अर्थ झळकणं, शोभणं. शिवाजी महाराजांच्या राजमुद्रेच्या शेवटी ‘मुद्रा भद्राय राजते’ आहे, त्यातलं ‘राजते’ ते हेच. पण कालिदास रघुवंशात रघूविषयी म्हणतो, ‘राजा प्रकृतिरञ्जनात्’. प्रजेचं रंजन करतो, म्हणून राजा. तिथे त्यानं धातू धरला ‘रञ्ज्’, रंगणं, रंगवणं. आणि ‘रजस्’ची फोडही याच ‘रञ्ज्’पासून करतात. म्हणजे कालिदासाच्या वाटेनं गेलं, तर राजा आणि राजस एकाच घरचे निघतात. काव्यातली फोड आहे, तिला व्याकरणाचा पुरावा म्हणू नका, पण काकांशी बोलायला ती पुरेशी आहे.

‘राजसी’ मात्र मुलाला ठेवू नका. संस्कृतात ते स्त्रीलिंगी रूप आहे, गीतेतच श्रद्धेचे प्रकार सांगताना ‘सात्त्विकी राजसी चैव’ येतं. राजेशाही या अर्थानं ‘राजसी’ म्हणणं ही हिंदीची सवय. मराठीत थाट राजेशाही असतो.

तुमच्या यादीतल्या ‘राजवर्धन’बद्दल थोडंच. हर्षवर्धनाच्या थोरल्या भावाचं नाव राज्यवर्धन होतं, ‘ज्य’ असलेलं. राज्य वाढवणारा, हा अर्थ त्यात सरळ लागतो. ‘राजवर्धन’ आज रुळलंय, चूक म्हणणार नाही. पण पाच अक्षरं तुम्ही घरात हाक मारताना वापरणार नाही. आठ दिवसांत त्याचा ‘राज’ होईल. ‘राजस’ तीन अक्षरांचं आहे, आख्खं तोंडात राहील.

एक मात्र आधीच धरून चाला. आपल्या गावात बारशाला कानडी आणि तेलुगू बोलणारे शेजारी येणारच. त्यांच्याकडे हा शब्द रजोगुणाचाच आहे, काकांसारखीच शंका ते काढतील. तेव्हा पाळण्याजवळ, कानात कुर्र करायच्या आधी, तुकोबांची ती ओळ मोठ्यानं म्हणा.